माझ्या निधनाचा फॉर्म

एकतीस वर्षं मी न्यूझीलंडमधल्या ओमारू नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचले. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकून काही लोकांचा असा ग्रह होण्याची शक्यता आहे की फर्गस किर्कनेस हा यंत्रांना बुजणारा माणूस आहे. तसं नाही. एकतीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहून मी "मीटर खोटं बोलत नाही" हे वाक्य अतिशय शांत आवाजात म्हटलेलं आहे. बायका रडल्या, पुरुष तावातावाने भांडले, एकाने तर अंगावर बदकं सोडली, पण मी वाक्यातला शब्दही बदलला नाही. त्यामुळे मोजणाऱ्या वस्तूंविषयी माझ्या मनात पहिल्यापासून आदरच होता. घात झाला तो त्या आदरामुळे.

गेल्या वर्षी बोल्स क्लबच्या हिरवळीवर खेळातला गोळा घरंगळत सोडायला वाकलो आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. डनीडनच्या इस्पितळात एका रक्तवाहिनीत जाळी बसवली, चार दिवसांनी घरी सोडलं. खरं तर संपलं एवढ्यावर. पण आमची एकुलती एक मुलगी मोराग ऑस्ट्रेलियात, कॅलगुर्लीला सोन्याच्या खाणीत भूगर्भतज्ज्ञ आहे, आणि तिला आम्ही हे दोन दिवस कळवलंच नाही. माझी बायको नोलीन म्हणाली, पोरगी जमिनीच्या पोटात किलोमीटरभर खाली असते, तिथे कशाला जिवाला घोर. मी मान हलवली. मोरागला हे कळल्यावर ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती "ठीक आहे" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. पंधरा दिवसांनी कुरियरने एक खोकं आलं. आत व्हिटालो कंपनीचं स्मार्टवॉच आणि चिठ्ठी: "हे हातातून काढायचं नाही. पुढच्या वेळी मला दोन दिवसांनी कळणार नाही."

तर हे घड्याळ माझ्या हृदयाचे ठोके मोजून मोरागच्या मोबाइलवर पाठवायचं. रोज सकाळी मी आमची दक्षिणेकडची टेकडी चढून आलो की तिच्याकडून एक अंगठा यायचा. अक्षर नाही, नुसता अंगठा. बापलेकीत त्या दिवसांत जे काही बोलणं चालू होतं ते एवढंच.

घड्याळ सुरू करताना जन्मसाल विचारतात. पडद्यावर आकड्यांचं एक चाक असतं, ते बोटाने फिरवायचं. माझी बोटं रस्त्यावरची लोखंडी झाकणं उचलून तयार झालेली. चाक १९५८ वर थांबलं अशी माझी समजूत झाली. ते थांबलं होतं १९०६ वर. मग घड्याळाने विचारलं, तुमच्या फोनमधल्या सगळ्या ओळखीच्या लोकांची नावं घेऊन ठेवू का? मी हो म्हटलं. ओळखीच्या लोकांना नको म्हणणं मला उद्धटपणाचं वाटतं.

पहिले तीन महिने सुखाचे गेले. इतके सुखाचे की तेव्हाच संशय यायला हवा होता. पहिल्याच आठवड्यात घड्याळाने कळवलं, "फर्गस, तुमच्या वयाच्या मानाने तुमची तब्येत अद्वितीय आहे." दुसऱ्या आठवड्यात, "तुमच्या वयोगटात तुम्ही दक्षिण गोलार्धात पहिले आहात." मी हे क्लबात दाखवलं. अगदी मुद्दाम नव्हे, पण बाही वर करून. शेजारी बेव्हन रापाटा, ज्याने चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली आणि त्यामुळे ज्याला जगातलं सगळं कळतं, तो म्हणाला, "दक्षिण गोलार्धात म्हणजे पेंग्विन धरून का?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पहिल्या नंबरवर असलेल्या माणसाला हे सोसावं लागतं.

मे महिन्यात कंपनीने एक निर्णय घेतला. कंपन्या असे निर्णय कुठे बसून घेतात मला माहीत नाही, पण तिथे साठीच्या पुढचं कुणी नसावं. घड्याळात रातोरात एक नवी सोय येऊन बसली, तिचं नाव ‘सुरक्षित सोबत’. ऐंशीच्या पुढच्या माणसांना ती सक्तीची. वयाला झेपणार नाही इतके ठोके वाढले की घड्याळ आधी तुम्हाला सांगणार, मग घरात सोबत राहणाऱ्याला, मग अँब्युलन्सला.

त्या सकाळी मी आणि बेव्हन टेकडी चढत होतो. निम्म्या वाटेवर माझं मनगट थरथरलं आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, "फर्गस, हे श्रम तुमच्या वयाला झेपणारे नाहीत. कृपया खाली बसा."

"बस बाबा," बेव्हन म्हणाला. "दक्षिण गोलार्ध काळजीत आहे."

मी बसलो नाही. आजूबाजूला ओली माती होती आणि माझी विजार नवी होती. बाई पुन्हा म्हणाली. मी आणखी झपझप चढलो. त्याच वेळी खाली गावात, वाचनालयात, नोलीन बालवाडीच्या पंचवीस मुलांना गोष्ट वाचून दाखवत होती. तिचा फोन वाजला आणि तीच बाई त्या पंचवीस मुलांच्या देखत म्हणाली, "फर्गस धोक्यात आहे." नोलीनने मला फोन केला, पण मी फोन घरी ठेवून आलो होतो. दहा मिनिटांनी अँब्युलन्स टेकडीवर आली. तोवर मी वरच्या बाकावर बसून बेव्हनने आणलेला चीज रोल खात होतो.

अँब्युलन्सवाली बाई धिप्पाड आणि शांत होती. तिने माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली, चीज रोल पाहिला. "काय होतंय?"

"काही नाही."

"म्हणजे छातीत?"

"छातीत काही नाही. लाज वाटतेय तेवढीच."

"त्याला आमच्याकडे औषध नाही," ती म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

त्या आठवड्यात ती आणखी दोनदा आली. एकदा मी दुकानातून घोड्याच्या खताचं पोतं उचललं म्हणून, आणि एकदा टीव्हीवर आमचा रग्बीचा संघ शेवटच्या मिनिटाला हरला म्हणून. तिसऱ्या वेळी तिने स्वतःच किटली चढवली. कप कुठे आहेत ते तिला ठाऊक झालं होतं.

नोलीनने चष्मा पुसला, मोबाइल हातात घेतला आणि घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये शिरली. एक एक पान बोटाने सरकवत गेली. मग म्हणाली, "फर्गस, तुझं वय काय रे?"

"सहासष्ट. तुला माहीत नाही?"

"इथे एकशे अठरा लिहिलंय."

मी मोबाइल हातात घेऊन पाहिलं. एकशे अठराच होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला अँब्युलन्सची आठवण झाली नाही. मला आठवली ती तीन महिन्यांची शाबासकी. दक्षिण गोलार्धात त्या वयोगटात आणखी कोण असणार? मी एकटा धावलो होतो आणि एकटा पहिला आलो होतो, आणि हे मी बाही वर करून गावभर दाखवलं होतं.

"बेव्हनला सांगू नकोस," मी म्हटलं.

"कुंपणापलीकडे उभा आहे तो," नोलीन म्हणाली. "ऐकलंय त्याने."

आता तुम्ही म्हणाल, जन्मसाल बदलून टाकायचं. मलाही तेच वाटलं होतं. पण लहान पोरं वय वाढवून खाती उघडतात म्हणून कंपनीने त्याच महिन्यात जन्मसालाला कुलूप लावलं होतं. मग ती ‘सोबत’ बंद करायची. ती बंद करता येते, पण फक्त ऐंशीच्या आतल्यांना. मग घड्याळच काढून ठेवायचं. मी काढून टेबलावर ठेवलं. चार मिनिटांनी घड्याळ म्हणालं, "फर्गस, तुमची नाडी लागत नाही." मी एवढ्या घाईने ते परत मनगटावर चढवलं की कातडी चिमटली.

"मोरागला फोन कर आणि सांगून टाक," नोलीन म्हणाली.

"काय सांगू? की तू दिलेलं घड्याळ तुझ्या बापाला नीट लावता आलं नाही? आधी हे निस्तरतो, मग सांगतो."

नोलीनने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी पूर्वी दारादारांत पाहिलेली होती.

बेव्हन मात्र उपायांनी भरलेला होता. कुंपणावर कोपर टेकून तो रोज एक सांगायचा. घड्याळ फ्रीजमध्ये ठेव, थंडीने गप्प बसेल. मनगटाऐवजी घोट्याला बांध, त्याला वाटेल तू लांब गेलास. शेवटी म्हणाला, "हे बघ, त्याला नाडी हवी आहे ना? कुणाचीही चालेल. माझ्या बिशपच्या पायाला बांध. दिवसभर ओट्यावर झोपलेला असतो. दोन दिवस शांततेत जातील, तोवर तू कंपनीशी पत्रव्यवहार कर."

बिशप हा त्याचा कुत्रा. वय तेरा, वजन भरपूर, स्वभाव निवृत्त. मला कल्पना बरी वाटली, यावरून माझ्या मनाची तेव्हाची अवस्था ध्यानात यावी. पुढच्या पायाचे केस बाजूला सारून आम्ही घड्याळ बांधलं. तासभर खरोखर शांतता होती. मग बंदराकडून सीगल पक्ष्यांचा थवा आला आणि त्यांतल्या एकाने बिशपच्या ताटलीत तोंड घातलं. तेरा वर्षांत बिशप पळालेला कुणी पाहिला नव्हता. तो कुंपण ओलांडून, रेल्वेचे रूळ ओलांडून, समुद्राच्या कडेकडेने थेट दगडी धक्क्यापर्यंत गेला. आम्ही दोघं मागून बेव्हनच्या गाडीतून. माझ्या मोबाइलवर एकामागून एक निरोप येत होते. आधी, "फर्गस, कृपया खाली बसा." मग, "फर्गस, तुम्ही ताशी एकतीस किलोमीटर वेगाने धावत आहात. अभिनंदन." आणि धक्क्यावर बिशप सापडला तेव्हा शेवटचा: "तुमचं खातं दुसरी व्यक्ती वापरत असल्याचा संशय आहे. खातं गोठवण्यात येत आहे. ओळख पटवा."

एकशे अठरा वर्षांचा माणूस सायकलच्या वेगाने धावला तेव्हा आधी अभिनंदन आणि मग संशय, हा क्रम मला आजही कळलेला नाही. पण त्या दिवसापासून कॅलगुर्लीला ठोके जाणं बंद झालं, आणि सकाळचा अंगठाही.

मी वाहन परवान्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं: परवान्यावरचं जन्मसाल १९५८ आहे, खातेदाराचं १९०६ आहे, सबब हा परवाना खातेदाराचा नाही. मी लिहिलं, खातेदार मीच आहे, साल चुकलंय. उत्तर आलं: साल दुरुस्त करायचं असल्यास खातेदाराने आपली ओळख पटवावी. नगरपालिकेत असताना अशी पत्रं मी स्वतः लिहिलेली आहेत. ती मिळणाऱ्याला काय वाटतं हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं.

मग साक्षांकित प्रत मागितली. दर गुरुवारी आमच्या वाचनालयात एक मानद दंडाधिकारी बसतात, मिस ड्रमंड. त्यांनी परवाना उजेडात धरून पाहिला, प्रत पाहिली, शिक्का मारला. मी म्हटलं, "खाली एवढं लिहाल का, की समोरचा माणूस एकशे अठरा वर्षांचा नाही?"

त्यांनी चष्म्यावरून मला नीट न्याहाळलं. जरा जास्तच वेळ. "प्रत मुळाबरहुकूम आहे एवढंच मला लिहिता येतं, मिस्टर किर्कनेस," त्या म्हणाल्या. "तुमच्याविषयी मत देण्याचा अधिकार मला नाही."

कंपनीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. साक्षांकित प्रतीबद्दल आभार. १९५८ साली जन्मलेले फर्गस किर्कनेस अस्तित्वात आहेत याची आमची खात्री पटली आहे. आता कृपया आपल्या आजोबांना आमच्याशी संपर्क साधायला सांगावं.

मी घराबाहेर जाऊन थोडा वेळ कोबीच्या वाफ्यापाशी उभा राहिलो.

अकरा दिवस गेले. अकरा दिवसांत मोरागचा ना फोन, ना अंगठा. मी स्वतःची समजूत घातली की तिच्या रात्रपाळ्या चालू असतील. नोलीन फोनकडे बोट दाखवायची, मी "उद्या" म्हणायचो. कंपनीशी एवढ्या जिद्दीने लढणाऱ्या माणसाला मुलीचा नंबर फिरवायला भीती वाटत होती, हे मी तेव्हा कुणाजवळ बोललो नसतो.

बाराव्या दिवशी मदत केंद्राच्या फोनवर पहिल्यांदा जिवंत माणूस लागलं. मारिसेल नावाची मुलगी. मनिलाहून बोलत होती, मागे कोंबडा आरवत होता. तिने माझी सगळी पत्रं उघडली. बराच वेळ नुसता कोंबडाच ऐकू येत होता.

"सर," ती म्हणाली, "तो धावला तो कोण होता?"

"कुत्रा."

"मला वाटलंच." मग तिने आवाज खाली केला. "हे बघा, सर. खातं बंद करून तेच घड्याळ नव्या खात्याला जोडता येतं. पण खातं बंद करायचे तीनच रस्ते आहेत. खातेदाराने स्वतः केलं तर. कोर्टाचा हुकूम आला तर. नाहीतर खातेदार वारला तर."

"मग?"

"मी तुम्हाला तसं सुचवत नाहीये, सर. पण एकशे दहाच्या पुढच्या माणसांचा मृत्यूचा दाखला आम्ही मागत नाही. घरच्या माणसाने फॉर्म भरला की पुरतं. कंपनीचं म्हणणं, त्या वयात कुटुंबाला त्रास नको." जरा थांबून ती म्हणाली, "मॅडम घरी आहेत का?"

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी न्याहारीनंतर नोलीन माझ्या निधनाचा फॉर्म भरायला बसली. ओव्हनमध्ये स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव होते, त्यामुळे ती घाईत होती. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झालेल्या बाईने असा फॉर्म भरताना निदान एखादा सुस्कारा सोडावा अशी माझी अपेक्षा होती.

"तारीख आजचीच टाकते," ती म्हणाली. "उद्या मला केस कापायला जायचंय."

"कारण काय विचारलंय?"

"यादी आहे. अपघात, आजार, वार्धक्य. वार्धक्य टाकू?"

"आजार टाक. निदान तो खरा होता."

"आजार टाकला की आणखी दोन पानं उघडतात. वार्धक्य." तिने बटण दाबलं. "मयताविषयी दोन शब्द लिहायला जागा आहे. ऐच्छिक आहे."

"मग लिही ना."

ती विचारात पडली. तेवढ्यात ओव्हनची घंटा वाजली. तिने जागा रिकामी सोडली, खाली सही केली आणि पाठवून दिला. त्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी एक बारीकसा चौकोन होता, आणि त्यात आधीच बरोबरची खूण केलेली होती. ती आम्हा दोघांनाही दिसली नाही. ‘मयताच्या सर्व परिचितांना कळवावं.’

नऊला दहा मिनिटं कमी असताना माझ्या फोनमधल्या दोनशे चौदा माणसांना निरोप गेला: "फर्गस किर्कनेस यांचं वयाच्या एकशे अठराव्या वर्षी शांतपणे निधन झालं. त्यांच्या अखेरच्या पावलांपर्यंत व्हिटालो त्यांच्या सोबत होतं."

आम्हाला याचा पत्ताच नव्हता. आम्ही स्कोन खात होतो.

पहिला आला बेव्हन. मागच्या दाराने, टोपी काढून, डोळे लाल. मला लोणी लावताना पाहून तो दारातच थांबला.

"तू गेलास," तो म्हणाला.

"कुठे?"

त्याने मोबाइल पुढे केला. मी वाचलं. नोलीनने वाचलं आणि चटकन खुर्चीवर बसली.

"अरे, एकशे अठरा लिहिलंय इथे," मी म्हटलं. "तुला तर सगळं माहीत होतं."

"आकडा कोण बघतंय," बेव्हन म्हणाला. "नाव बघितलं आणि आलो." तो खुर्ची ओढून बसला, रुमालाने नाक पुसलं आणि एक स्कोन घेतला. तो अर्धा खाऊन झाल्यावर म्हणाला, "मी क्लबला फोन केलाय. झेंडा अर्ध्यावर आणलाय त्यांनी. आणि शनिवारच्या सामन्यात तुझ्या जागी क्लॅरेन्सला घेतलंय."

"इतक्यात?"

"संघ साडेनवाच्या आत कळवावा लागतो."

साडेनऊपासून पुढच्या दाराची घंटा थांबेना. बेकन आणि अंडी भरलेली पेस्ट्री आली, मटणाचे तीन कॅसरोल आले, लॅमिंग्टन केकचा मोठा डबा आला. ज्यांनी डबे आणले त्यांनी मला पाहून आपापल्या स्वभावानुसार किंकाळी फोडली, हसू आणलं किंवा तक्रार केली. डबा परत घेऊन जायला मात्र कुणी तयार होईना. दोनशे चौदांपैकी बेव्हन आणि मिस ड्रमंड सोडले तर एकशे अठरा हे वय कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण ते कुणाला खटकलंही नव्हतं. हे मला फार लागलं. मिस ड्रमंड म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही नाही म्हणत होतात खरं, पण असाल." नगरपालिकेने फुलं पाठवली, सोबत कार्डावर एकच ओळ: ‘अचूकतेबद्दल कृतज्ञ’. बायकोने रिकामी सोडलेली जागा नगरपालिकेने भरून काढली.

दहाच्या सुमाराला ओगिल्व्ही आला. सत्याण्णव साली मी त्याच्या मीटरचा आकडा लिहिला तेव्हापासून तो रस्त्यात भेटला तर पलीकडच्या फुटपाथवर जायचा. बदकं सोडली होती ती त्यानेच. आज कोट घालून दारात उभा. मी समोर आलो तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"मी नोलीनला सांगायला आलो होतो," तो म्हणाला, "की माझ्याकडे तेव्हा नळ गळत होता. तुझा आकडा बरोबर होता. सत्तावीस वर्षं मनात होतं."

"मग सांग ना. मी ऐकतोय."

तो जरा घुटमळला. "आता तू आहेस म्हटल्यावर राहू दे ते," म्हणाला आणि निघाला. फाटकापाशी जाऊन परत आला, कोटाच्या आतून अंड्यांची पेटी काढून माझ्या हातात ठेवली आणि गेला. अंडी बदकाची होती.

मी ती पेटी धरून पॅसेजमध्ये उभा असताना घरातला जुना फोन वाजला. नोलीन स्वयंपाकघरात लोकांना समजावत होती. मी उचलला.

"मम," पलीकडून आवाज आला. मोरागचा. पण तो आवाज मी तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. "मम, मी आत्ता वर आले. आत्ता पाहिलं. मी निघते, मला दुपारचं विमान..." पुढे तिला बोलवेना.

दोनशे चौदांमध्ये तीही होती. मला हे एव्हाना सुचायला हवं होतं. क्लबचा झेंडा सुचला, शनिवारचा सामना सुचला, हे सुचलं नव्हतं. खाणीतून वर आल्यावर सकाळी सहाला, गाडीतळावर उभं राहून, तिने तो निरोप वाचला होता.

"मोराग," मी म्हटलं. "मी बोलतोय."

"मम?" ती म्हणाली.

"मी डॅड. मी बरा आहे. तो फॉर्म होता. नोलीनने... म्हणजे मीच. घड्याळात साल चुकलं होतं."

 पलीकडे मागून एक ट्रक जाण्याचा आवाज आला. मी अंड्यांची पेटी जमिनीवर ठेवली आणि स्वतःही तिच्याशेजारी खाली बसलो. त्यावर मनगटातली बाई काही बोलली नाही. तिच्या लेखी मी मेलेलो होतो.

"बारा दिवस," मोराग शेवटी म्हणाली. "बारा दिवस तुझे ठोके आले नाहीत, डॅड."

"खातं गोठवलं होतं त्यांनी."

"मग फोन नाही करायचा?"

"तुला काळजी नको म्हणून."

"पुन्हा?" तिने विचारलं. ओरडली नाही, पण या वेळी फोनही ठेवला नाही. "मला वाटलं, काहीतरी झालंय आणि तुम्ही दोघं परत लपवताय. रोज नंबर काढायचे आणि ठेवून द्यायचे. विचारलं आणि मम म्हणाली असती, हो..." ती थांबली. "तुला माहीत आहे, पहाटेच्या सुट्टीत मी काय करते? सगळे चहा पितात, मी तुझा आलेख बघते. टेकडी कुठे सुरू होते मला कळतं. मधे तू बेव्हनशी बोलायला थांबतोस तेही कळतं. गेल्या महिन्यात रग्बी हरलो ते मला स्कोअर बघायच्या आधी तुझ्याकडून कळलं."

मी आजवर मीटरच्या या बाजूला उभा राहून कधी विचार केला नव्हता की पलीकडे कुणी त्या आकड्याकडे असं बघत बसलेलं असेल.

"तू अंगठाच पाठवायचीस," मी म्हटलं.

"तू काहीच पाठवायचा नाहीस."

हे खरं होतं. त्यानंतर आम्ही सव्वा तास बोललो. माझ्या छातीत त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, किती घाबरलो होतो, हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं. नोलीनलाही तेव्हाच कळलं, कारण ती पॅसेजच्या दारात कॅसरोल हातात घेऊन उभी होती. बेव्हनने मधल्या वेळात सगळ्या मंडळींना पुढच्या दाराने वाटेला लावलं आणि स्वतः राहिला.

दुपारी मारिसेलचा फोन आला. झालेल्या प्रकाराबद्दल तिने इतक्या वेळा माफी मागितली की शेवटी मीच तिची समजूत घातली. तिने स्वतः बसून नवं खातं उघडून दिलं, आणि साल नोलीनने टाकलं, चष्मा लावून, मोठ्याने वाचत. संध्याकाळी घड्याळाने कळवलं: "फर्गस, तुमच्या वयाच्या मानाने तुमची तब्येत साधारण आहे." नोलीन म्हणाली, आता विश्वास बसतो. शनिवारी क्लॅरेन्सने सामना जिंकून दिला, त्यामुळे माझ्या जागेचा प्रश्न क्लबच्या समितीपुढे अजून पडून आहे.

मोरागने तिच्या साहेबाला खरं ते सांगून टाकलं. बाप गेला म्हणून तिची दहा दिवसांची रजा मंजूर होऊन बसली होती. साहेब, तोही खाणीतच केस पिकलेला माणूस, म्हणाला, "मग जाऊन ये. माझ्या वडिलांच्या वेळी मी रजा घेतली ती एक दिवस उशिराने. तू तरी वेळेवर पोच."

ती रविवारी आली. फ्रीजरमध्ये अजून दोन कॅसरोल होते, ते तिने आल्या आल्या संपवले. सोमवारी सकाळी थंडी होती, गवत पांढरं पडलेलं, बंदरावर धुकं. आम्ही दोघं टेकडी चढलो. निघताना बेव्हनने कुंपणातून हाक मारली नाही, हे त्याच्या बाबतीत फार झालं. वर बाकावर बसलो तेव्हा मला धाप लागली होती. मोरागने माझ्या घड्याळाकडे पाहिलं. मग तिने ते पट्ट्यासकट थोडं वर सरकवलं, दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली आणि समुद्राकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजायला लागली. चाळीसच्या आसपास कुठेतरी तिचा आकडा चुकला. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी हात तसाच राहू दिला.